हृदयाबाहेरचं पाणी

वहिनी: ...आणि मी काय म्हणाले माहितीये? म्हटलं, "नाटकं पुरे झाली, आता गुमान आडवे व्हा." हाच शब्द वापरला मी. गुमान.

धाकटी: वहिनी, सकाळपासून ह्या दवाखान्याच्या बाकावर किती वेळा तेच ते. घोटभर चहा तरी घे.

वहिनी: नको मला चहा. आठ रात्री तुझा भाऊ जेवायच्या टेबलावर उशी ठेवून, तिच्यावर डोकं टेकून, खुर्चीत बसून झोपला. आठ रात्री! आणि मला वाटलं, कपाटावरून रुसलेत.

धाकटी: कुठलं कपाट?

वहिनी: तुमच्या आईचं गं, लोखंडी. दार निखळलं होतं, उघडायला गेलं की पायावर पडायचं. मी दिलं भंगारात, ह्यांना न विचारता. मग दोन दिवस तोंड फुगवून बसले. तिसऱ्या दिवशी बघते तर खोलीत झोपायलाच आले नाहीत. म्हटलं, बसा! मी पण काही कमी नाही.

धाकटी: तो सांगत नव्हता काही? दुखतंय वगैरे?

वहिनी: सांगत होते ना. पाठीवर पडलं की दुखतं, पुढं वाकून बसलं की बरं वाटतं, म्हणे. आता मला सांग, असलं दुखणं कोणी ऐकलंय? माणूस गादीवर गेला की दुखतं आणि टेबलावर पडला की राहतं? आणि बोट कुठं, तर खांद्यावर. मी बाम चोळून दिला दोनदा. मनात म्हटलं, दिवसभर विहिरीत उतरून मोटारी ओढतात, खांदा दुखेल नाहीतर काय.

धाकटी: खांदा दुखतो यात. हृदयाला काही झालंच नव्हतं, त्याच्या पिशवीला झालं होतं. त्या पिशवीच्या अंगावरून एक नस खाली उतरते, मानेतून निघालेली. पिशवी सुजली की ती नस खांद्याच्या नावानं बोंब मारते.

वहिनी: सगळे पिशवी पिशवी म्हणतात. मला अजून नीट कळलं नाही बघ. तुमच्या इथल्या डॉक्टर मॅडम भराभरा बोलल्या, मी आपली मान डोलावली. मनात एकच, वाचले ना, मग बास.

धाकटी: तू हातपिशव्या शिवतेस ना, दुहेरी कापडाच्या? बाहेर जाड, आत मऊ अस्तर. तसंच असतं. हृदय त्यात बसलेलं. वर मोठ्या रक्तवाहिन्या बाहेर पडतात तिथं ती पिशवी त्यांच्याभोवती घट्ट बसलेली. खाली श्वासाच्या पडद्याला चिकटलेली. पुढं छातीचं हाड, दोन्हीकडं फुप्फुसं, मागं अन्ननलिका. सगळं दाटीवाटीनं. आणि त्या दोन पदरांच्या मधे चमचा-दोन चमचे पाणी, हृदय हललं की घासू नये म्हणून.

वहिनी: आणि ह्यांच्यात?

धाकटी: सहाशे मिली निघालं.

वहिनी: अगं बाई! पाण्याची अख्खी बाटली भरत आली की.

धाकटी: बाहेरचं कापड पटकन ताणलं जात नाही. मग पाणी आतल्या हृदयालाच दाबायला लागतं. हृदय धडधाकट, पण त्याला फुगायला जागा नाही. फुगलं नाही तर रक्त आत येणार कुठून, आणि पुढं जाणार काय?

वहिनी: आणि असल्या माणसाला मी शनिवारी हात धरून गादीवर नेलं. टेबलावरची उशी काढून घेतली गं मी. "परत टेबलावर दिसलात तर बघा," म्हणाले. ते नको नको म्हणत होते. तर मी कपाटा... नाही, कपाट कुठलं आता, शिलाई मशीनच्या खणातून तुझा तो कागद काढला.

धाकटी: कुठला कागद?

वहिनी: तू दिलेला. इथं कामावर असताना सोनोग्राफीचं मशीन लावून छाती बघितली होतीस ना ह्यांची, तीन आठवड्यांपूर्वी? तो. त्यांच्या नाकासमोर नाचवला. "बहीण स्वतः बघून सांगतेय हृदय ठणठणीत आहे, आणि तुमचं आपलं दुखतंय, दुखतंय!" मग बिचारे झोपले. पाच मिनिटांत तोंड राखेसारखं झालं. तू शिवायला टाकलेला झगा न्यायला आलीस म्हणून वाचले. दारातून बघितलंस आणि ओरडलीस, "वहिनी, मानेच्या शिरा बघ किती फुगल्यात!" मला काय कळतंय मानेच्या शिरांतलं. तू गाडी आणलीस, इथं फोन केलास, पाणी काढायची सुई तयार ठेवायला सांगितलंस. मॅडम म्हणाल्या, अर्धा तास उशीर झाला असता तर संपलं होतं. मी मारायला घेतलं आणि तू वाचवलंस. जन्मभर तुझे पाय धुवायला हवेत मी.

धाकटी: असं बोलू नकोस गं. हात जोडते.

वहिनी: का? खरं तेच बोलतेय. बरं, मला एक सांग. पाणी निघालं, ते शुद्धीवर आले, मग आता हे तुकड्याचं काय मधेच? बारा वाजता मला सहीला बोलावलंय. उद्या छातीत छेद घेऊन पिशवीचा तुकडा काढणार म्हणे.

धाकटी: तपासायला.

वहिनी: ते कळलं गं. पण का?

धाकटी: तीन आठवड्यांपूर्वीच्या कागदावर पाणी नाही असं लिहिलंय. मग कोरड्याचं एवढ्या दिवसांत सहाशे मिली कसं झालं, हा मॅडमना प्रश्न पडलाय. साध्या तापानंतरचं पाणी इतक्या झपाट्यानं सहसा वाढत नाही. म्हणून काही वाईट तर नाही ना, ते बघायचंय.

वहिनी: वाईट म्हणजे कॅन्सर. सरळ म्हण की. नर्सबाई म्हणाल्या तसं.

धाकटी: नसेल.

वहिनी: तुला गं काय माहीत?

धाकटी: नसेल, वहिनी.

वहिनी: तुझ्या तोंडात साखर पडो. ती बघ, नर्स बोलावतेय. एकेकानंच जायचं, दहा मिनिटं. तू जा.

धाकटी: तू जा ना. तीन दिवसांत एकदा तरी जा. विचारतो तो रोज.

वहिनी: काय तोंडानं जाऊ? तू जा आधी. माझ्यावर चिडलेत का बघ. नुसतं बघ हं, विचारू नकोस.

(आत. दादा पलंगाची पाठ उभी करून बसलेला, छातीच्या हाडाखालून निघालेली बारीक नळी शेजारच्या पिशवीत सोडलेली.)

दादा: ये, बुटके. त्या स्टुलावर चढ, म्हणजे दिसशील तरी.

धाकटी: कसं वाटतंय?

दादा: मजा आहे. जन्मभर लोकांच्या विहिरी उपसल्या, आता माझीच उपसतायत. पण काम फार सावकाश हं यांचं. थेंब... थेंब. मी असं काम केलं असतं तर गिऱ्हाईकानं दारात उभं केलं नसतं.

धाकटी: जास्त बोलू नकोस, दम लागतो. आज तीसच मिली आलंय. उद्या नळी काढतील.

दादा: आणि तुकडा?

धाकटी: कोणी सांगितलं तुला?

दादा: मॅडमनी. चांगल्या आहेत बाई. चित्र काढून दाखवलं. तुझी वहिनी कुठाय? अजून कपाटावरून रुसलीय का?

धाकटी: बाहेर बसलीय. दादा, मी त्या दिवशी तुला पूर्ण बघितलं नव्हतं.

दादा: कुठल्या दिवशी?

धाकटी: तू आला होतास ना जेवणाच्या सुट्टीत. तापानंतर छातीत दुखतंय म्हणून. मी तुला तसाच आत घेतला, रजिस्टरला नोंद न करता. आम्ही सगळेच घरच्या माणसाला असंच घेतो. कुशीवर वळवून बघितलं, कप्पे, झडपा, पंपिंग. सगळं चांगलं होतं. शेवटी पाठीवर घेऊन पोटाकडून बघायचं असतं. इथून, हाडाखालून. आता नळी आहे ना, तिथूनच.

दादा: तिथं मला गुदगुल्या होतात.

धाकटी: झाल्या. मी दाबलं आणि तू किंचाळलास. परत लावलं तर पाय झाडलेस, जेलची बाटली खाली पडली. मग मी हसायला लागले. इतकी हसले की बाहेरून कोणीतरी डोकावून गेलं. म्हटलं जाऊ दे, दादाच तर आहे. पुसलं आणि उठवलं तुला.

दादा: खूप हसलो त्या दिवशी. छाती दुखत होती तरी हसलो.

धाकटी: पिशवीतलं पाणी तिथूनच नीट दिसतं, दादा. ती बाजू त्यासाठीच तर बघायची. आणि तू मला म्हणालाही होतास. "लवकर आटप, आडवं पडवत नाही." माझ्या कानांनी ऐकलं मी. चौदा वर्षं हे काम करतेय. दुसऱ्या कोणी पेशंटनं हे म्हटलं असतं ना, तर मी हातातलं सोडून तेच आधी बघितलं असतं. तू म्हणालास, तर मला वाटलं कंटाळलास.

दादा: पण कागदावर तर होतं. तुझ्या वहिनीनं वाचून दाखवलं मला. मोठ्यानं.

धाकटी: कॉम्प्युटरवर साचा असतो रिपोर्टचा. सगळ्या ओळी आधीच 'नॉर्मल' भरलेल्या. जे बिघडलंय तेवढीच ओळ बदलायची. पिशवीची, म्हणजे आवरणाची, ओळ मी तशीच सोडली. बघितलं नसेल तर 'बघितलं नाही' असं लिहायचं असतं. मी बटण दाबलं, कागद आला. मॅडमनी माझ्या भरवशावर सही केली.

दादा: म्हणजे तेव्हा पाणी होतं की नव्हतं, ते तुलाही ठाऊक नाही.

धाकटी: आता आहे. रविवारी सकाळी मी जुनी चित्रं उघडून बघितली. एकात, अगदी कोपऱ्यात, हृदयाच्या मागं काळी पट्टी आहे. बोटभर. तेव्हाच कळलं असतं तर गोळ्यांवर भागलं असतं. दर आठवड्याला बघत राहिलो असतो. ही वेळच आली नसती.

दादा: मॅडमना माहीत आहे?

धाकटी: काल त्यांनी विचारलं, "तेव्हा पाणी नव्हतं ना? नक्की?" मी म्हणाले, "नव्हतं, मॅडम."

दादा: हे पट्टी बघायच्या आधी?

धाकटी: नंतर.

दादा: बुटके, बुटके...

धाकटी: शिव्या दे मला.

दादा: शिव्या द्यायला दम लागतो. तो कुठून आणू?

धाकटी: मी आजच सांगते त्यांना. तुकडा काढायची गरजच नाही, दादा. पाणी तेव्हापासूनच होतं, हळूहळू वाढलं. माझ्या एका शब्दामुळे तुला कापणार आहेत.

दादा: ऐक. काढू देत तुकडा.

धाकटी: काय?

दादा: केवढासा तो. भूल देणार आहेत, मला कळायचंही नाही. तू सांगितलंस तर नोकरी जाईल तुझी. नोंद नाही, कागद खोटा, वर मॅडमशी खोटं. ठेवतील का तुला? माझं काय, एक टाका जास्त.

धाकटी: छाती उघडतात, दादा! टाका काय म्हणतोस!

दादा: हळू बोल. तो पलीकडचा म्हातारा जागा आहे. मी पण केलंय असं. टाकी न बघता मोटार चांगली आहे म्हणून सांगून आलोय. ओळखीच्यांकडंच. चहा पिऊन आलोय वर.

धाकटी: ती टाकी होती.

दादा: हो. ते आहे म्हणा.

धाकटी: तू असा चांगला वागू नकोस ना माझ्याशी. मला सहन होत नाही.

दादा: मग काय करू? दोघंच तर आहोत आपण. आणि तुझ्या वहिनीला चुकूनही बोलू नकोस. ती तुला उंबऱ्याच्या आत घ्यायची नाही, आणि मी तुमच्या दोघींच्या मधे बसून म्हातारा होईन.

धाकटी: तिला वाटतंय तिनं मारलं तुला.

दादा: तिनं? ती कशाला मारेल?

धाकटी: उशी काढून घेतली, आडवं झोपवलं म्हणून. तीन दिवस एकच घोकतेय. जेवत नाही. आत येत नाही ती रुसवा म्हणून नव्हे, तोंड दाखवायची लाज वाटते तिला.

दादा: अरे देवा. आणि मी इथं पडल्या पडल्या म्हणतोय, काय बाई आहे, नवरा मरता मरता वाचला तरी कपाट सोडत नाही.

धाकटी: माझा कागद दाखवून झोपवलं तिनं तुला. तो कागद नसता तर तिनं दुसऱ्याच दिवशी तुला डॉक्टरकडं ओढत नेलं असतं. तुला माहितीये ती कशी आहे.

दादा: मी समजावतो तिला. पाठव आत.

धाकटी: काय समजावशील? खरं सोडून काय सांगशील तिला? सांग ना.

दादा: काही नाही. तू म्हणतेस ते बरोबर आहे.

धाकटी: वेळ संपली, नर्स खुणावतेय.

दादा: सांगणारच असशील तर आधी तिला सांग. मॅडमच्या तोंडून कळायला नको. आणि उभ्या उभ्या सांगू नकोस, बसव तिला.

* * *

वहिनी: काय म्हणाले? माझं नाव काढलं?

धाकटी: काढलं. तुझीच वाट बघतोय. चिडलेला नाही.

वहिनी: मग तुझा चेहरा असा का? तुकड्याचं काही कळलं का? वाईट आहे का काही? खरं सांग हं मला.

धाकटी: बस खाली. नाही, वाईट काही नाही. बस, मला पण बसायचंय. वहिनी, तू त्याला मारलं नाहीस. तू त्या कागदावर विश्वास ठेवलास, आणि तो कागद खोटा होता.

वहिनी: कुठला कागद?

धाकटी: मी दिलेला. तेव्हाही पाणी होतं त्याच्या पिशवीत. मी त्या बाजूनं बघितलंच नव्हतं. त्याला गुदगुल्या झाल्या, आम्ही हसलो, मी सोडून दिलं. आणि न बघता 'नॉर्मल' छापून हातात ठेवलं.

वहिनी: थांब. म्हणजे ते आठ दिवस सांगत होते, ते खरं होतं, आणि कागद खोटा होता.

धाकटी: हो.

वहिनी: आणि मी तो त्यांच्या तोंडासमोर नाचवत होते.

धाकटी: हो.

वहिनी: घाईत राहून गेलं असेल. होतं असं. मी नाही का मागं एकदा डावी बाही उजवीकडं लावली.

धाकटी: नाही, वहिनी, माझी बाजू घेऊ नकोस. अजून आहे. मॅडमनी काल विचारलं, तर मी त्यांनाही पाणी नव्हतं म्हणून सांगितलं. घाबरले. म्हणून ते तुकड्याचं निघालं. आता मी त्यांच्याकडं जाऊन सगळं सांगणार आहे. तू सही करू नकोस.

वहिनी: म्हणजे कॅन्सर नाही.

धाकटी: छातीवर हात ठेवून कोणी सांगू शकत नाही. पण मॅडमना जी भीती वाटली ती माझ्या खोट्यामुळे.

वहिनी: काल दुपारपासून मी त्या शब्दाबरोबर बसलेय इथं. ह्याच बाकावर. तुला कधी कळलं?

धाकटी: काय?

वहिनी: पाणी तेव्हाही होतं, हे तुला कधी कळलं?

धाकटी: रविवारी सकाळी.

वहिनी: रविवारी दुपारी तू माझी वेणी घातलीस.

धाकटी: हो.

वहिनी: मी म्हणत होते, माझे हात झडले पाहिजेत, आणि तू मागं बसून विंचरत होतीस. गुंता सोडवत होतीस, हळूहळू, दुखू नये म्हणून. तेव्हा तुला माहीत होतं.

धाकटी: हो, माहीत होतं.

वहिनी: मला वाटलं, किती माया करते ही माझ्यावर.

धाकटी: करतेच गं वहिनी. खरंच करते. मला तोंडच उघडवेना. तू रडत होतीस आणि मला बरं वाटत होतं की कोणी माझ्याकडं बघत नाहीये. एवढी नीच आहे मी. बोल की काहीतरी, मार मला.

वहिनी: मारून काय करू? जा, मॅडमकडं जा. पावणेबारा झाले.

धाकटी: आणि तू?

वहिनी: मी आत जाते. तीन दिवस ते माझी वाट बघतायत आणि मी इथं कोणाच्या पापाला रडत होते, कोण जाणे.

धाकटी: सांगून मी लगेच परत येते. इथंच येऊन बसते तुझ्याजवळ. चालेल?

वहिनी: ये की. दवाखान्यात कोणीही बसतं. फक्त त्या समोरच्या बाकावर बस.